इंदापूरचा ऊस आणि कुर्ल्याची डॉज

आमच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर म्हटलं की लोकांना ऊस आठवतो, साखर आठवते, खंडकऱ्यांची जमीन आठवते. अलीकडच्या पोरांना इस्रोच्या रॉकेटचे भाग आठवतात. मोटार मात्र कुणालाच आठवत नाही. पण ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावाने हे गाव वसलं, त्यांनीच मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या लांबरुंद अमेरिकन सेडान भारतात जोडायला सुरुवात केली. ते वर्ष १९४७. आज याच पुणे जिल्ह्यात, बारामतीला पियाजिओच्या ॲपे रिक्षा बनतात आणि चाकणला मर्सिडीज-बेंझ जोडली जाते. मधल्या पन्नास वर्षांत मोठी आलिशान मोटार आपल्याकडे घडता घडता का राहिली, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. नेहमीचं उत्तर असं की देश गरीब होता, अशी गाडी घेणार कोण? ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं उत्तर शोधायला कुर्ल्याआधी नीरेच्या काठावर जावं लागतं.

नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने सरकारचे डोळे उघडले होते. बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या माळावर पाणी आलं, पण पाणी आलं म्हणून ऊस येत नाही. खत, बेणं, मजुरी, पाणीपट्टी या सगळ्याला रोकड लागते आणि ती इथल्या लहान शेतकऱ्याकडे नव्हती. सासवडकडचे माळी बागाईतदार आले, त्यांनी जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवला. पुढे भाटघरला मोठं धरण झालं, कालव्याचं पाणी वाढलं आणि कंपन्याही आल्या. कळंबच्या शिवारात वालचंद यांच्या उद्योगसमूहाने १९२० च्या दशकात जमिनी खंडाने घेतल्या. आमच्या भागातल्या कितीतरी कुटुंबांच्या सातबाऱ्याची कहाणी तिथून सुरू होते.

वालचंद मूळचे सोलापूरचे. १८८२ चा जन्म, गुजराती बोलणारं जैन घराणं. बांधकामाच्या ठेकेदारीत पैसा कमावला, भोर घाटातल्या रेल्वेचे बोगदे खोदले, १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज इंग्रजांच्या मक्तेदारीला न जुमानता लंडनला धाडलं. हा माणूस एका धंद्यात रमणारा नव्हता. त्यांच्या सगळ्या उलाढालीत मला महत्त्वाचं वाटतं ते १९३२ साल. त्या वर्षी सरकारने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. जावाच्या साखरेवर जबर आयात कर बसला आणि देशभर साखर कारखान्यांचं पेवच फुटलं. कळंबच्या माळावरचा कारखाना दोन वर्षांच्या आत उभा राहिला. कर लावला आणि धुराडं उभं राहिलं, इतका तो सरळ हिशेब होता. वालचंदांनी हा हिशेब डोळ्यांनी पाहिला होता. मोटारीच्या बाबतीत त्यांना तोच हिशेब मांडायचा होता.

त्या वेळी मुंबईत मोटारी जोडल्या जात नव्हत्या असं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला कारखाना काढला होता. फोर्डही मागोमाग आली. पण तिथे व्हायची ती निव्वळ जोडणी. पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथे बोल्ट आवळायचे, रंग मारायचा, विकायचं. मोटार घडवायची असेल तर पत्रा दाबणारे साचे, इंजिनाचे ओतीव ब्लॉक, गिअर कापणारी यंत्रं आणि ती चालवणारे हात लागतात. हे ओळखून तपशीलवार योजना मांडली ती मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. त्यांनी युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहिले, आकडे जमवले, आराखडा तयार केला. वालचंद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेर सरकारने भांडवलावरच्या व्याजाची हमी द्यायची तयारी दाखवली. तेवढ्यात १९३९ मध्ये महायुद्ध पेटलं आणि काँग्रेसची प्रांतिक सरकारं राजीनामे देऊन बाहेर पडली.

वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी जमलं नाही, जनरल मोटर्सशी जमलं नाही. क्रायसलर राजी झाली आणि १९४० मध्ये करार झाला. आता फक्त दिल्लीची मान हलायची बाकी होती. ती हलली नाही. मोटार कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, यंत्रांसाठी डॉलर देता येणार नाहीत, जहाजात जागा नाही, अशी कारणं पुढे आली. मोटारी आणि ट्रक युद्धाला लागत नाहीत हे म्हणणाऱ्यांचं सैन्य त्याच वेळी क्रायसलर आणि फोर्डचे ट्रक हजारोंनी मागवत होतं! म्हणजे साखरेला जे १९३२ मध्ये मिळालं ते मोटारीला नाकारलं गेलं. फरक उघड आहे. साखरेच्या करामुळे मार बसला तो डच जावाला. मोटारीला संरक्षण दिलं असतं तर इंग्लंडमधल्या कारखानदारांच्या पोटावर पाय आला असता.

या प्रकरणात म्हैसूर संस्थानचं नाव येतं आणि म्हैसूर आलं की सर मिर्झा इस्माईल येतात. १९२६ ते १९४१ अशी पंधरा वर्षं ते म्हैसूरचे दिवाण होते. बंगळूरच्या बागा आणि म्हैसूरचं वृंदावन उद्यान यांच्यापुरतं त्यांचं नाव आता उरलंय, पण उद्योग उभारणीतला त्यांचा वाटा कमी नाही. मोटार कारखान्यात म्हैसूरने भाग घ्यावा अशीही बोलणी झाली, पण वरून परवानगी मिळाली नाही. विमानाच्या कारखान्याला मात्र ती मिळाली. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली, त्यात वालचंद यांच्यासोबत म्हैसूर संस्थानने २५ लाख रुपये घातले. आजची एचएएल ती हीच. एक जैन कारखानदार, एक ब्राह्मण अभियंता आणि एक मुसलमान दिवाण असा हा मेळ होता. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो एका पानावर कधी आला नाही, ही माझी जुनी तक्रार.

अशीच आणखी एक गोष्ट जाता जाता. २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली. दोघे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद असे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. ‘एम अँड एम’ ही अक्षरं तेवढी तशीच राहिली. आमच्याकडच्या खडकाळ रस्त्यांवर पुढे जी जीप धावली, ती या कंपनीची.

वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. आता या गाडीकडे जरा नीट पाहू, कारण आलिशान म्हणजे काय याची व्याख्या दर पिढीत बदलते.

क्रायसलरच्या घरात एकच सांगाडा तीन-चार नावांनी विकायची पद्धत होती. प्लिमथ स्वस्तातली, डॉज मधली, डिसोटो त्याहून वरची. निर्यातीसाठी तर प्लिमथलाच डॉजचं नाक बसवून ‘किंग्जवे’ नावाने विकत. भारतात जी डॉज किंग्जवे नावाजली ती मुळात अशी प्लिमथच. १९५० च्या आसपासची ही गाडी साधारण ४.९ मीटर लांब होती. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटर. पुढे आणि मागे एकसंध लांब गादी, त्यावर सहा माणसं ऐसपैस बसत आणि आपल्याकडे आठ-नऊ कोंबली जात. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खाली, त्यामुळे ड्रायव्हरच्या शेजारी दोघं आरामात.

छप्पर मात्र उंच. क्रायसलरचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह होता की माणसाला डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. अमेरिकेत या हट्टापायी कंपनीच्या गाड्या बुटक्या, देखण्या प्रतिस्पर्ध्यांपुढे जुनाट दिसू लागल्या. आपल्याकडे मात्र फेटा, पगडी आणि तुर्की टोपी या तिघांचीही केलरसाहेबांनी नकळत सोय केली. श्रीमंत घराण्यांत मागच्या काचांना पडदे लावले जात. गोषा पाळणाऱ्या मुसलमान घरांत तसे आणि सरदार-इनामदारांच्या वाड्यांतही तसेच.

बॉनेटखाली सहा सिलिंडरचं, साडेतीन लिटरहून थोडं मोठं पेट्रोल इंजिन. ताकद शंभर अश्वशक्तीच्याही आत. आजच्या मापाने इतक्या मोठ्या इंजिनाकडून ही ताकद अगदीच किरकोळ. पण या इंजिनाचं वैशिष्ट्य वेगात नव्हतं. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये न बसवता सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले होते. अशा इंजिनाचं हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण. दाब कमी, त्यामुळे हलक्या प्रतीचं पेट्रोलही चालायचं. गिअर तीनच, पण तिसऱ्या गिअरमध्ये माणसाच्या चालीच्या वेगापासून गाडी कुरकुर न करता ओढायची. इंजिन रबराच्या गाद्यांवर तोलून धरण्याची युक्ती क्रायसलरने १९३१ मध्येच प्लिमथमध्ये आणली होती, त्यामुळे आत बसलेल्याला थरथर जाणवत नसे. चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक या कंपनीने १९२४ पासून दिले, तेव्हा भल्याभल्या कंपन्या तारा आणि सळ्यांचे ब्रेक वापरत होत्या. किल्ली फिरवली की गाडी सुरू, ही आज अगदी सामान्य वाटणारी सोय क्रायसलरच्या गाड्यांत १९४९ ला आली. त्याआधी किल्ली वेगळी आणि स्टार्टरचं बटण किंवा पेडल वेगळं. सहा व्होल्टची बॅटरी ही तिची दुखरी बाजू. रात्री दिवे पिवळट आणि मिणमिणते.

माझे मामू इंदापुरात मोटारीचे मिस्त्री होते. फियाट, ॲम्बेसेडर, जीप हे त्यांचं रोजचं काम, पण त्यांच्या उस्तादांकडून त्यांनी डॉजची तारीफ ऐकलेली. हेड उघडलं की व्हॉल्व्ह, पिस्टन सगळं समोर, आरशात पाहिल्यासारखं, असं ते सांगायचे. पान्हा, हातोडी, व्हॉल्व्ह घासायची काडी आणि कान एवढ्यावर ही गाडी दुरुस्त व्हायची. पेट्रोल भरपूर प्यायची म्हणून कित्येकांनी तिचं मूळ इंजिन काढून डिझेल बसवलं आणि मुंबईत वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून हाकली. आलिशान गाडीच्या दुसऱ्या आयुष्याची ही वाट आपल्याकडे ठरलेली. आधी शेठ, मग टॅक्सी, मग भंगार. त्या मधल्या टप्प्यात गादीवाले, टिंकर, रेडिएटरवाले, स्प्रिंगवाले असे किती मुसलमान कारागीर त्यावर जगले, याची नोंद कुठल्याही कंपनीच्या इतिहासात सापडायची नाही.

मग ही गाडी गेली का? इथे मला साच्यांकडे यावं लागतं. गाडीचा दरवाजा, टप, मडगार्ड हे सगळं पोलादी साच्यात पत्रा दाबून होतं. साच्यांचा एक संच बनवायला प्रचंड पैसा लागतो आणि तो पैसा एक हजार गाड्या काढा की एक लाख, तेवढाच लागतो. अमेरिकेत दरवर्षी लाखो गाड्या खपत, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी साचे बदलून नवा चेहरा देणं परवडे. भारतात सगळ्या कंपन्या मिळून वर्षाला काही हजार मोटारी विकत होत्या. डिसोटोचा साचा कुर्ल्यात घडवायचा म्हटलं तर तो फिटेपर्यंत डेट्रॉइटने चार नवे चेहरे काढलेले असत.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९४९ मध्ये तयार मोटारींच्या आयातीवर बंदी घातली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने ठरवलं की ज्यांच्याकडे इथेच गाडी घडवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या. वालचंदांना १९४० मध्ये हवं होतं ते संरक्षण आता मिळालं होतं. ते स्वतः मात्र त्याच वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये वारले. त्यांचे बंधू लालचंद हिराचंद यांच्याकडे सूत्रं आली. प्रीमियरने तोवर इटलीच्या फियाटशीही करार केलेला होता. १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० निघू लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडर इंजिन, डॉजच्या एक तृतीयांशाहूनही लहान. तिच्या गोलमटोल पाठीमुळे लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणू लागले. साचे एकदाच घडवायचे आणि चालवत राहायचे, या हिशेबात ही गाडी चपखल बसली. मोठ्या अमेरिकन गाड्या हळूहळू बंद झाल्या, डॉज आणि फार्गोचे ट्रक तेवढे आणखी बराच काळ चालले.

इथवर निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. चुकलं ते पुढे. १९६४ मध्ये आलेल्या फियाट ११०० डिलाइटच्याच साच्यांतून १९७० च्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी निघाली, आणि ती थेट २००० सालापर्यंत निघत राहिली. (पद्मिनी हे नाव घराघरांत पोहोचवलं त्या काव्याचा कर्ता मलिक मुहम्मद जायसी हा अवधचा सूफी होता. त्याने ‘पद्मावत’ लिहिलं १५४० मध्ये. आमच्या मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीला एका सूफी कवीची नायिका लाभली, ही गोष्ट मला फार आवडते.) गाडी चांगली होती, टिकाऊ होती. पण छत्तीस वर्षं एकच साचा! किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा, बाहेरची गाडी येऊ शकत नव्हती, गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत उभं. कारखान्याला नवं काही शिकण्याची गरजच उरली नाही. ज्या कुंपणामुळे रोप जगलं, त्याच कुंपणाने त्याला ऊन लागू दिलं नाही. १९८० च्या दशकात मोठी सेडान म्हणून कॉन्टेसा आली आणि स्टँडर्ड २००० आली. दोन्ही ब्रिटनमधून उतरवलेल्या जुन्या सांगाड्यांवर बेतलेल्या. १९९० च्या दशकात दारं उघडली तेव्हा प्रीमियर टिकू शकली नाही.

आता उलट बाजूला वालचंदनगर पाहा. तिथेही सुरुवात परदेशी यंत्रांनीच झाली. पण कारखान्याची यंत्रं दुरुस्त करता करता तिथली वर्कशॉप वाढली, साखर कारखान्याची पूर्ण यंत्रसामग्री तिथे बनू लागली, मग सिमेंट कारखान्यांची. १९७० च्या दशकापासून इस्रोसाठी रॉकेट मोटरची आवरणं तिथे बनताहेत, अणुऊर्जेसाठीही कामं झाली. उद्योगसमूह एकच, काळ एकच. माळावरच्या गावात घडवणं रुजलं आणि मुंबईसारख्या शहरात जोडणीच्या पुढे फारसं गेलं नाही. माझ्या मते कारण असं की साखरेच्या यंत्राचा गिऱ्हाईक दरवेळी नवं मागत होता. हा कारखाना मोठा, तो लहान, इथे बगॅस जाळून वीज करायची, तिथे परदेशात पाठवायचं. मोटारीच्या गिऱ्हाइकाला मागायची सोयच नव्हती. मिळेल ती घ्यायची.

या हिशेबाची एक बाजू मात्र आमच्या शेतात राहिली. १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, कारखान्यांकडच्या खंडाच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. मूळ मालक असलेला खंडकरी शेतकरी दारातच उभा राहिला. त्याची जमीन कंपनीकडून सरकारकडे गेली, त्याच्याकडे नाही. मोर्चे, कोर्टकचेऱ्या, निवडणुकीतली आश्वासनं यांत दोन पिढ्या गेल्या. २०१२ पासून जमिनी परत मिळू लागल्या, तेव्हा अर्ज करणाऱ्यांत मूळ सही करणाऱ्यांची नातवंडं होती. वालचंदांच्या मोठेपणावर लिहिणारे बहुतेक जण जहाज, विमान आणि मोटार या तिघांवर थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. त्या उद्योगसमूहाचा एक पाय नीरेच्या पाण्यावर उभा होता.

पुणे जिल्ह्यात आलिशान सेडान परत आली ती १९९५ मध्ये. मर्सिडीज-बेंझने टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात ई-क्लास जोडायला घेतली, मग एस-क्लासही. २००९ मध्ये कंपनीचा स्वतःचा कारखाना चाकणला झाला. एस-क्लास ही त्या घराण्यातली सर्वांत थोरली. १९७८ मध्ये चाक जाम होऊ न देणारे ब्रेक आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एअरबॅग या गोष्टी मर्सिडीजने आधी याच गाडीत दिल्या आणि नंतर त्या जगभरच्या साध्या गाड्यांत उतरल्या. डॉजच्या गाडीत ऐसपैस जागा म्हणजे ऐश होती. एस-क्लासमध्ये ऐश म्हणजे अपघातातून जिवंत बाहेर येण्याची हमी आणि रस्त्याचा आवाज आत येऊ न देणारी शांतता. बॉनेट उघडलं तर प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. मामूंसारख्या मिस्त्रीचा पान्हा त्याखाली पोहोचत नाही, त्याला आधी लॅपटॉप जोडावा लागतो.

आणि ही गाडी चाकणला येते ती सुट्या भागांच्या पेट्यांतून, कारण तयार गाडीवर आयात कर फार जबर आणि सुट्या भागांवर कमी. शिवडीत १९२८ ला हेच चाललं होतं, कुर्ल्यात १९४७ ला हेच. बारामतीच्या एमआयडीसीत मात्र १९९९ पासून ॲपे बनते, तीन चाकांची, पत्र्याची. तिची कंपनीही फियाटसारखी इटलीचीच. इंदापूरच्या स्टँडबाहेर उभ्या असलेल्या त्या रिक्षांत पुढच्या गादीवर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅसेंजर बसलेला असतो.